चार नंबरची बादली

माझ्या धाकट्या भावाच्या नाकावर नऊ दुकानं उभी राहिली आणि त्याच नाकाने ती बुडवली, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण मी त्याची सख्खी थोरली बहीण. त्या दुकानांची पिंपं मी सहा वर्षं या हातांनी धुतली आहेत. तेव्हा मला बोलू द्या, आणि मध्ये तोंड घालू नका. एकदा थांबले की पुन्हा सांगायचा धीर होणार नाही.

आमचं घर एका बेकरीच्या पाठीला पाठ लावून होतं. वडील तिथेच भट्टीवर कामाला. भिंतीपलीकडे पाव भाजले जायचे आणि अलीकडे हा चार वर्षांचा टिल्लू अंथरुणात उठून बसायचा, भिंतीवर थाप मारायचा आणि ओरडायचा, "बाबा, लागले!" वडील भट्टीचं दार उघडून बघायचे तर पावांच्या कडा नुकत्या काळ्या पडायला लागलेल्या. आई म्हणायची, "याच्या नाकावर माशी बसली तर ती आधी कुठे बसून आली तेही सांगेल हा." गल्लीतली पोरं त्याला नाकाड्या म्हणायची. नाक काही एवढं मोठं नव्हतं, पण नाव एकदा पडलं की पडलं.

खरं सांगायचं तर नाक मलाही तसंच होतं. पण मुलीच्या नाकाची दखल कोण घेतो! त्याला वास आला की घरभर कौतुक, आणि मला वास आला की आई म्हणायची, "मग जा ना, गॅस बंद कर." असो. जुनी उणीदुणी काढायला मी बसलेले नाही. म्हणजे थोडी निघतीलच.

लग्न त्याने केलं नाही. एकदा ठरत आलं होतं. मुलगी चांगली, माणसं चांगली. हा परत येऊन म्हणतो, "त्यांच्या कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आहे." मी म्हटलं, "अरे, तुला मुलीशी लग्न करायचंय की कपाटाशी?" ते राहिलं ते राहिलंच. पुढे माझा नवरा गेला, तेव्हा हा आपलं बिऱ्हाड उचलून माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. मधली भिंत इतकी पातळ की त्याने कूस बदलली तरी मला कळायचं.

तो तेव्हा व्हिनेगरच्या कारखान्यात होता. तिथे त्याला एका माणसाने हेरलं. हा माणूस बाथरूमच्या फरश्या विकायचा. कुठेतरी फिरायला गेला होता, तिथे काचेमागे बिअर बनते आणि काचेपुढे बसून लोक ती पितात, असं दुकान बघून आला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याला ब्रूपब म्हणतात म्हणे. आम्ही आपलं पब म्हणायचो, आणि त्या माणसाला मालक.

पहिलं दुकान एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये झालं. मालकाने दोन तांब्याच्या टाक्या आणून काचेमागे बसवल्या. भाऊ आत शिरला, दोन पावलं गेला आणि म्हणाला, "इथे इंजिनच्या तेलाचा वास आहे. बिअरला लागेल." मालकाने फरशी उकरली. "अजून आहे." पुन्हा उकरली. तिसऱ्यांदा मालक जवळजवळ रडकुंडीला आला, तेव्हा हा म्हणाला, "आता ठीक." मालकाने त्याला कडकडून मिठी मारली. माणूस वाईट नव्हता हो. उतावळा होता, पण वाईट नव्हता.

भावाने मला बोलावलं पिंपं धुवायला. मी ठणकावून सांगितलं, "दारूच्या जागेत पाऊल टाकणार नाही." तो म्हणाला, "ताई, एकदा वास तर घेऊन बघ." मी गेले. टाकीत सातूचं माल्ट उकळत होतं, त्याला आम्ही काढाच म्हणायचो. झाकण उघडलं, वाफ आली, आणि मला वडिलांचा शर्ट आठवला. भट्टीवरून आल्यावर ते खुंटीला टांगायचे तो. मी तिथेच डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून रबरी बूट घालून कामाला लागले. घोट मात्र आजतागायत घेतलेला नाही.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते, पुढे लागेल. काढा थंड केला की त्यात यीस्ट घालतात, मग तो आंबतो. यीस्ट म्हणजे विरजणच समजा. एका टाकीचं काम झालं की तळाशी जाड साका बसतो, तो काढून पुढच्या टाकीला लावायचा. तिच्यातला तिच्या पुढच्या टाकीला. विरजण चांगलं तोवर सगळं चांगलं.

आणि चांगलं होतंच. पाच वर्षांत एकाची नऊ दुकानं झाली. मालकाला पैसेवाले भागीदार मिळाले. शहराबाहेर मोठी शेड बांधली, तिच्यात स्टीलच्या सहा उंच टाक्या बसवल्या, आणि सगळ्या दुकानांची बिअर तिथून पिंपांत भरून जायला लागली. दुकानांत काचेमागे तांब्याच्या टाक्या होत्याच, पण रिकाम्या, नुसत्या दाखवायला. रोज घासूनपुसून लख्ख ठेवायच्या. भाऊ मालकाला एकदा म्हणाला, "लोकांना वाटतं यातूनच येते." मालक म्हणाला, "मास्तर, वाटू दे की. तुमचं नाक तर खरं आहे ना?"

मास्तर! नाकाड्याचा मास्तर झाला होता. दर दुकानाच्या भिंतीवर त्याचा हा एवढा फोटो, नाक पेल्यात घातलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: या नाकाने होकार दिल्याशिवाय पेला भरत नाही. ते खरंच होतं. शेडमध्ये दर टाकीला एक पाटी टांगलेली असायची. रोज सकाळी भाऊ टाकीच्या नळातून थोडी बिअर घ्यायचा, वास घ्यायचा आणि पाटीवर खडूने बरोबरची खूण करायचा. खूण नाही तर त्या टाकीतलं एक पिंपही गाडीवर चढायचं नाही. तपासणीची खोली बांधायचं ठरलं होतं, यंत्रंही येणार होती. पण नाक असताना यंत्रं कशाला, म्हणून ते राहून गेलं.

मग तो पडला.

टाकीचं झाकण बघायला शिडीवर चढला होता. पायरी ओली. फार उंचावरून नाही, पण डोकं मागून आपटलं. चार टाके, आठ दिवस विश्रांती, बस्स. आम्ही म्हटलं, थोडक्यात निभावलं. नवव्या दिवशी सकाळी मला भिंतीपलीकडून करपल्याचा वास आला. मी ओरडले, "अरे, दूध लागलं!" धावत गेले. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा पार कोळसा झालेला, खोलीभर धूर, आणि हा गॅसला पाठ करून खिडकीशी दाढी करत उभा. आरशात मला बघून वळला, मग पातेल्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई," म्हणाला, "मला वास येत नाहीये. पडल्यापासून."

डॉक्टर म्हणाले, आला तर परत येईल, नाही आला तर नाही. तो काही आला नाही. जिभेला खारट, गोड, आंबट एवढं कळायचं, बाकी सगळं पाणी.

मी म्हटलं, मालकाला सांग. तो म्हणाला, "दर दुकानाच्या भिंतीवर माझं नाक लावलंय त्यांनी. काय सांगू?" मग म्हणाला, "एक महिना दे, ताई. महिनाभर तू घे वास." माझा भाऊ, पन्नाशीला आलेला माणूस, लहानपणी चेंडू हरवल्यावर बघायचा तसा माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

महिन्याचं दीड वर्ष झालं. रिवाज असा ठरला: मी साडेसहाला शेडमध्ये यायची, बाकी माणसं यायच्या आत सहाही टाक्यांचा वास घ्यायची. मग भाऊ सातला यायचा. मास्तर आणि पिंपं धुणारी बाई रोज सकाळी टाक्यांमागे कुजबुजतात, असं दिसायला नको होतं, म्हणून आम्ही खूण ठरवली. दर टाकीपाशी फरशी पुसायची एक बादली असायचीच. टाकी चांगली असेल तर बादली सुलटी, काही गडबड असेल तर पालथी. भाऊ यायचा, सगळ्यांसमोर पेल्यात नाक घालून डोळे मिटायचा, एका डोळ्याने बादली बघायचा आणि पाटीवर खूण करायचा.

आता मला कळतं त्यात काय चुकलं होतं. संध्याकाळी साफसफाई झाली की बादल्या सुलट्याच ठेवलेल्या असायच्या. म्हणजे मी काहीच केलं नाही, तरी खूण ‘चांगलं’ अशीच. असली खूण ठरवणारे आम्ही दोघं शहाणे! पण तेव्हा ते डोक्यातही आलं नाही, कारण मी काहीच करणार नाही असं आम्हाला दोघांनाही वाटलं नव्हतं.

घरीही तेच. रोज सकाळी तो दुधाचं पातेलं घेऊन माझ्या दारात यायचा. मी वास घेऊन "चांगलंय" म्हणायची की वळून जायचा. दीड वर्षात त्याने मला एकदाही "नक्की ना?" म्हणून विचारलं नाही. टाकीचंही नाही, दुधाचंही नाही.

आणि मी कशाला खोटं बोलू, मला मस्ती चढली होती. दुकानासमोरून जाताना आत पेले उंचावणारी माणसं दिसायची आणि मी मनात म्हणायची, प्या, प्या, हे माझं नाक आहे. पण ते कुणाला सांगता येतंय? दीड वर्षात मी तीन टाक्यांच्या बादल्या पालथ्या घातल्या. तिन्ही वेळा मालकाने भावाची पाठ थोपटली, आणि मी पिंपात हात घालून बसलेली.

नववं दुकान उघडलं त्या संध्याकाळी सगळ्या कामगारांना बोलावलं होतं. मीही गेले, चांगले कपडे घालून. मालकाने भावाला पुढे बोलावलं. त्याने पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो म्हणाला, "हे नाक मला आईने दिलं." मी मागे उभी राहून वाट बघत होते. गुपित फोडावं असं मला म्हणायचं नव्हतं. पण माझी ताईही इथेच काम करते, एवढं म्हणायला काय हरकत होती? नाही म्हणाला. ठीक आहे. नंतर मी त्याच्याजवळ गेले, तर तो दोन भागीदारांशी बोलत होता. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

माझा भाऊ गडबडला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "या आमच्याकडे पिंपं धुतात."

या धुतात! आदराने बोलला हो. त्या आदराने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्याला कडेवर घेऊन फिरले, ज्याचं नाक पुसलं, आणि आता ज्याचं नाक झाले, त्याने मला चारचौघांत बहीण म्हटलं नाही. मी तशीच पायी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं घेऊन तो आला नाही. मीही हाक मारली नाही. साडेसहाला शेडमध्ये गेले आणि टाक्यांसमोरून सरळ चालत धुण्याच्या खोलीत गेले. एकाही नळाला हात लावला नाही. म्हटलं, येऊ दे विचारायला. ‘ताई, चुकलो’ म्हणू दे एकदा, मग घेते वास. त्याला मी हवी आहे हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. बस्स, एवढंच हवं होतं.

आणि आता जे सांगतेय ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. चार नंबरच्या टाकीसमोरून जाताना माझ्या नाकाला काहीतरी लागलं. दवाखान्यात जखमेची पट्टी सोडतात ना, तसा वास. पुसट, पण होता. रानटी यीस्ट शिरलं की असा वास येतो, हे मला भावानेच शिकवलं होतं. आंबट झालं असतं तर त्याच्या जिभेला तरी कळलं असतं, पण हे फक्त नाकालाच कळणारं होतं. मला कळलं, आणि मी पुढे गेले. म्हटलं, विचारायला येईल तेव्हा सांगू.

आत जाऊन पिंपं अशी आदळत होते की कानठळ्या बसाव्यात. साडेसात झाले, आठ झाले. तो आला नाही. बाहेर डोकावले तर सहाही पाट्यांवर खडूच्या खुणा होत्या आणि चार नंबरची पिंपं गाडीवर चढत होती. अजूनही वेळ गेलेली नव्हती. दहा पावलं धावायचं आणि ‘थांबा’ म्हणायचं, एवढंच. मी मागे फिरले आणि पुढचं पिंप ओढलं. मनात एक हलकट विचार होता: एक टाकी फसू दे, म्हणजे कळेल याला मी कोण ते.

एका टाकीवर निभावेल असं वाटलं होतं मला. विरजण विसरले मी. इतकी वर्षं त्या कामात घालवून विरजण विसरले! चार नंबरच्या तळाचा साका त्याच दुपारी तीन टाक्यांना लागला.

तिसऱ्या दिवसापासून दुकानांतून फोन यायला लागले. लोक पेले परत करत होते, म्हणत होते बिअरला औषधाचा वास येतो. मी पुन्हा वास घ्यायला लागले होते, न बोलता, पण आता एकेक बादली पालथी करायचीच पाळी आली होती. एक टाकी ओतून दिली, मग तीन. नळ्या बदलल्या, पिंपं उकळत्या पाण्याने धुतली, मी हातांची सालं निघेपर्यंत धुतली. नवीन यीस्ट मागवलं, तर दुकानांच्या नळ्यांत तोवर वास मुरला होता. दुकानं चालू ठेवायला मालकाने बाहेरची बिअर आणून पेल्यांत ओतायला सुरुवात केली. मग पाचव्या दुकानात एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून तांब्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आत दोन झाडू, एक पोछा आणि कुणाच्या तरी चपला! त्याचा फोटो शहरभर फिरला. पोट धरून हसले लोक. हसल्यावर कोण येतंय प्यायला? सात महिन्यांत एकामागून एक नऊही दुकानांना कुलपं लागली.

त्याआधी मालकाने भावाला सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी दहा पावलांवर हातात पाण्याचा पाइप धरून उभी होते.

"मास्तर, त्या दिवशी चार नंबरचा वास घेतला होता ना?"

"घेतला होता."

"मग?"

"चुकलो," भाऊ म्हणाला. "माझीच चूक आहे."

मी गप्प. बोलले असते तर त्याचं नाकाचं गुपित फुटलं असतं, तो आणखी तोंडघशी पडला असता, अशी मी माझी समजूत घातली. हे कारण मला फार सोयीचं पडलं. अबोला मात्र सुटला. त्याच संध्याकाळी मी त्याच्यापुढे ताट वाढलं आणि तो निमूट जेवला.

त्यानंतर त्या धंद्यात त्याला कुणी उभं केलं नाही. आता तो रंगांच्या गोदामात कामाला आहे. तिथल्या उग्र वासाने माणसं टिकत नाहीत, हा टिकतो. मी एका वसतिगृहात भांडी घासते. तीन वर्षं झाली. दुधाचं पातेलं रोज यायचं, मी वास घ्यायची, तो वळून जायचा.

पण या तीन वर्षांत तो विचित्र वागायला लागला होता. सायकल चालवणं सोडून दिलं, ती जिन्याखाली गंजत पडली. रस्ता ओलांडताना चार चार वेळा बघायचा. कुलूप लावून परत मागे यायचा. मला वाटलं, वय झालं. गेल्या महिन्यात गोदामाच्या मालकाने त्याला रंग जुळवायच्या कामावर घेतो म्हणून सांगितलं. बसून करायचं काम, मान असलेलं. हा नको म्हणून आला.

मी चिडले. "का नको? कपाळ फुटलंय का तुझं?"

तो खाटेच्या कडेला बसला. म्हणाला, "ताई, रंग जुळवायला डोळे लागतात. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"चार नंबरची बादली," तो म्हणाला. "तू ती पालथीच ठेवली असणार. तू कधी चुकली नाहीस. मला ती सुलटी दिसली. अजून डोळ्यांपुढे येते ती, सुलटीच. डोक्याला मार बसल्यावर नाक गेलं, तसे डोळेही फसवायला लागले असणार. दोनदा तपासून आलो, डॉक्टर म्हणतात काही नाही. पण मी बघितलंय ना, ताई, जे नव्हतं ते."

तीन वर्षं! तीन वर्षं मी समजत होते, तो चूक स्वतःवर घेऊन मला वाचवतोय. आणि हा आपले डोळे फोडून घेऊन बसला होता, कारण ताई चुकेल हे त्याला पटतच नव्हतं. आता गप्प बसले असते तर मला माणूस म्हणू नका.

"बादली सुलटीच होती," मी म्हटलं. "तुझे डोळे चांगले आहेत. मी त्या दिवशी वासच घेतला नाही."

मग सगळं सांगितलं. ‘या धुतात’पासून गाडीपर्यंत. चार नंबरसमोरून जाताना आलेला वासही सांगितला, तोच सांगायला सगळ्यात जड गेला. तो माझ्याकडे बघत राहिला. ओरडेल, शिव्या घालेल, म्हणून मी मान खाली घालून बसले होते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "त्या सकाळी मी धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. माफी मागायला. कुणाला संशय यायला नको म्हणून आदल्या दिवशी तसं तोंडातून गेलं होतं, रात्रभर झोप नव्हती मला. पण येताना बादल्या बघितल्या. सगळ्या सुलट्या. म्हटलं, बघ, एवढी रागावलीय तरी ताईने काम सोडलं नाही. मला माझीच लाज वाटली. तू आत पिंपं आदळत होतीस. म्हटलं, राग शांत होऊ दे, संध्याकाळी बोलू."

एवढं बोलून तो उठला आणि आपल्या खोलीत गेला. मी पदरात तोंड खुपसून रडले. पातळ भिंतीपलीकडे त्याला ऐकू जात होतं, तो काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी पातेलं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जिन्याखाली बघितलं तर सायकल नव्हती. दुपारी गोदामात काम करणारी बाई भेटली, म्हणाली, "तुमच्या भावाने रंगांचं काम घेतलं की." मला इतका आनंद झाला की तिचा हात धरून मी दोन मिनिटं सोडलाच नाही. ती बिचारी घाबरली.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तोच होता, हातात पातेलं. ते त्याने पुढे केलं. मी नाक खाली नेलं, वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. आयुष्यात दुधाचा इतका नीट वास घेतला नसेल मी.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

तो वळला नाही. पातेलं दोन्ही हातांत धरून उंबऱ्यात उभा राहिला, आणि त्या चांगल्या डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. तेव्हापासून तो रोज विचारतो, आणि मी रोज सांगते.